आठवड्याचा झाडा

सात दिवसांचा एक फेरा पुरा झाला की मनुष्य आपोआप हिशेबाला बसतो. खेड्यात आठवडा बाजारच्या दिवसावरून मोजतात, शहरात सुटीच्या दिवसावरून. छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवरील व्यापारी वही मिटतो, वाळूजच्या कारखान्यातील कामगार आपल्या पाळ्या मोजतो, शाळेतील शिक्षिका तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा बाजूला ठेवते. अशा निवांत घटकेला कित्येकांच्या मनात एक प्रश्न उभा राहतो: या सात दिवसांत आपल्या असण्याने जगात काय फरक पडला? बहुतेकांना मिळणारे उत्तर खिन्न करणारे असते. बाजार होता तसाच आहे, रस्ता होता तसाच आहे, दुःखितांचे दुःख होते तेवढेच आहे. आपण नसतो तरी हे सारे असेच चालले असते, असे वाटून मन उदास होते.

आश्रमातील भिक्षुक आणि तपस्विनी यांचीही या प्रश्नातून सुटका नाही. सात दिवसांत किती नामस्मरण घडले, किती पाठ झाला, कोणाला चार शब्द सांगितले आणि ते त्याच्या अंतःकरणात किती उतरले, याचा विचार त्यांच्याही मनात येतो. आणि तेथेही तेच उत्तर मिळते, की फारसे काही झाले नाही.

ही खिन्नता नम्रतेसारखी दिसते, म्हणून ती चटकन ओळखू येत नाही. पण तिचे मूळ शोधू गेल्यास ते अभिमानातच सापडते. आपला ठसा मोठा उमटावयास हवा होता ही अपेक्षा ज्याच्या मनात आधीपासून आहे, त्यालाच ठसा लहान उमटल्याचे दुःख होते. ज्याचे कार्य मोठे झाले तो फुगतो आणि ज्याचे लहान झाले तो खचतो. दोघांच्या हातांत माप मात्र एकच आहे, आणि ते माप आकाराचे आहे. तेव्हा साधकाने प्रथम हे माप तपासून पाहिले पाहिजे.

या शहरापासून जवळच वेरुळ आहे. लीळाचरित्रात त्याचे नाव येळापूर. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचे तेथील राजविहारात दहा महिने अवस्थान झाले, हे अनुयायांना ठाऊकच आहे. त्याच डोंगरात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी, आठव्या शतकात, कैलास लेणे कोरले गेले. एकाच खडकातून, शिखरापासून पायथ्यापर्यंत, वरून खाली कोरीत आणलेले ते मंदिर पाहून आजही प्रवासी थक्क होतो. परंतु ज्यांच्या हातांनी तो खडक फोडला त्यांची नावे कोणालाही सांगता येत नाहीत. त्यांतील प्रत्येकाने एखाद्या आठवड्याच्या अखेरीस मागे वळून पाहिले असेल तेव्हा त्याला काय दिसले असेल? हातभर खोल गेलेली खाच आणि पायाशी पडलेला दगडांचा चुरा. आकाराच्या मापाने मोजले तर जगातील एका अत्यंत भव्य कार्यात वाटा असलेल्या मनुष्याचा आठवडाही असा चिमूटभरच भरतो. मग हे माप कोणाचे समाधान करणार?

ब्रह्मविद्येच्या दृष्टीने पाहिले तर या मापातील दोष अधिक स्पष्ट होतो. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत. जीव हा प्रपंचाचा कर्ता नव्हे, त्याचा धनीही नव्हे. अविद्येने बद्ध झालेला, आपल्या कर्माचे फळ भोगीत फिरणारा तो एक वाटसरू आहे. जे आपले नाही त्यावर आपली मुद्रा उमटली नाही म्हणून शोक करणे म्हणजे धर्मशाळेच्या भिंतीवर आपले नाव कोरले गेले नाही म्हणून रडणे होय. जगाची घडी बसविण्याचा भार जीवावर टाकलेलाच नाही. त्याच्यावर भार आहे तो त्याच्या स्वतःच्या कर्माचा, आणि तो भार लहान नाही.

येथे कोणी म्हणेल, की मग प्रश्नच मिटला. जीव लहान, त्याची कृती लहान, तिचा परिणाम त्याहून लहान. असे असेल तर आठवड्याच्या अखेरीस हिशेब कशाचा करावयाचा? स्वस्थ निजावे. हा युक्तिवाद वरवर वैराग्याचा वाटतो, परंतु तो घातक आहे. कारण आपल्या लहानपणाचा आधार घेऊन मनुष्य जसा चांगले करण्याचे टाळतो, तसाच तो वाईट करण्यासही मोकळा होतो. माझ्या एकट्याच्या करण्याने काय बिघडते, हे वाक्य जगातील निम्म्या अपराधांच्या मुळाशी आहे.

या ठिकाणी स्वामींचे अहिंसेचे निरूपण ध्यानात घेतले पाहिजे. त्यांनी भक्तजनांना अहिंसा सांगताना मुंगीपर्यंत नेऊन भिडविली, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या उपदेशातील एक बारकावा बहुधा नजरेतून निसटतो. मुंगी मरू नये एवढेच सांगून स्वामी थांबले नाहीत. आपल्यामुळे एखाद्या मुंगीला वैधव्य येऊ नये, असा त्या उपदेशाचा आशय आहे. म्हणजे पायाखाली सापडलेल्या मुंगीकडेच नव्हे, तिच्यामागे राहिलेल्या मुंगीकडे त्यांनी भक्तांची दृष्टी वळविली. जी चिरडली गेली तिचे दुःख त्या क्षणी संपले. जी वारुळात वाट पाहत राहिली तिचे दुःख तेव्हा सुरू झाले. आणि ज्याचा पाय पडला त्याने पहिलीला पाहिले नाही, दुसरीला तर पाहणे शक्यच नव्हते.

या एका वचनात आठवड्याच्या हिशेबाची सारी रीत सामावलेली आहे. मनुष्याच्या कृतीचा परिणाम जेथे त्याची दृष्टी संपते तेथे संपत नाही. तो पलीकडे कोणा एका न पाहिलेल्या जीवापर्यंत जातो. आपला परिणाम लहान आहे असे म्हणणारा मनुष्य खरे पाहता एवढेच सांगत असतो, की त्याला तो पुढे कोठे गेला हे दिसलेले नाही.

दुसरीही एक लीळा या संदर्भात मननीय आहे. शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढे धावून थकलेला एक ससा स्वामींच्या जानूखाली येऊन दडला. शिकाऱ्यांनी तो मागितला. शरण आलेल्याला मरणाच्या स्वाधीन करता येत नाही, हे स्वामींनी त्यांना समजाविले. शिकारी माघारी गेले आणि स्वामींनी सशाला ‘महात्मा’ असे संबोधून निरोप दिला. जगाच्या गणतीत एक ससा वाचला म्हणजे काय झाले? रानात ससे पुष्कळ होते आणि शिकारीही पुष्कळ होते. पण त्या सशाच्या बाजूने पाहिले तर वाचला ते सर्वच वाचले, कारण त्याच्यापाशी दुसरा जीव नव्हता. परमेश्वरावताराने आपली कृपा मोजताना संख्येकडे पाहिले नाही. मग अनुयायाने आपले बरेवाईट मोजताना संख्येकडे का पाहावे?

आता हाच विचार आजच्या व्यवहारात आणून पाहू. छत्रपती संभाजीनगरला पिण्याचे पाणी येते ते पैठणच्या नाथसागरातून, सुमारे पन्नास किलोमीटरांवरून. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. ज्या प्रतिष्ठान नगरीत स्वामींचे वास्तव्य झाले, जेथे नागुबाई म्हणजे बाइसा त्यांच्या सेवेत आल्या, तेथेच गोदावरीचे हे पाणी अडविलेले आहे. त्या जलाशयाखाली अनेक गावे गेली. त्या गावांची घरे, विहिरी, पिकती शेते पाण्यात बुडाली तेव्हा हजारो माणसांना दुसरीकडे चूल मांडावी लागली. आज शहरातील गृहस्थ सकाळी तांब्या भरतो तेव्हा ते पाणी कोणाच्या अंगणावरून आले हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. यात त्याचा अपराध आहे असे नाही. परंतु त्याचे ऋण मात्र आहे, आणि ऋणाची जाणीव असणारा मनुष्य पाणी वेगळ्या हाताने वापरतो.

या शहरात वर्षानुवर्षे नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी आले. त्या टंचाईच्या दिवसांत पाणी सुटले की कोणी नळाला मोटार लावून ते ओढून घेई. त्याच्या घरची टाकी भरे. त्याच वाहिनीवर शेवटच्या टोकाला असलेल्या घरी नळातून केवळ हवा येई आणि तेथील म्हातारी हंडा घेऊन शेजारच्या गल्लीत जाई. मोटार लावणाऱ्याने त्या म्हातारीला कधी पाहिले नाही. तो मनुष्य दुष्ट नव्हता. कदाचित धर्मकृत्ये करणारा असेल, आल्यागेल्याला जेवू घालणारा असेल. आठवड्याच्या अखेरीस तो बसला असता तर त्याने आपल्या खाती अन्नदान मांडले असते. म्हातारीचा हंडा मांडला नसता, कारण तो त्याला ठाऊकच नव्हता. मागे राहिलेली मुंगी म्हणजे ती म्हातारी होय.

असेच दुकानातही घडते. मालक नोकराला चार गिऱ्हाइकांदेखत टाकून बोलतो आणि घटकेने विसरतो. नोकर ते शब्द घरी नेतो. त्या रात्री त्याच्या घरात मुलाला विनाकारण मार बसतो. मालकाने मुलावर हात उचलला नाही, पण त्या हातामागे मालकाचे शब्द आहेत. आश्रमातही असे घडू शकते. वडीलधाऱ्या भिक्षुकाने नवशिक्याच्या चुकलेल्या पाठावर केलेला उपहास एखाद्याची पाठाची गोडी कायमची घालवितो. उपहास करणाऱ्याला तो विनोद वाटला होता.

हे ऐकून भित्र्या स्वभावाचा साधक घाबरेल. एवढे सगळे परिणाम होत असतील तर पाऊल तरी कसे टाकावे, असे तो विचारील. त्याला उत्तर असे, की स्वामींनी हा उपदेश एका जागी बसून राहणाऱ्यांना केलेला नाही. ज्यांना अटन, विजन, भिक्षा, भोजन हा नित्यविधी लावून दिला, ज्यांना रोज गावोगावी पायी हिंडावयाचे होते, त्यांनाच मुंगीची काळजी वाहावयास सांगितले. चालणे सोडण्याची आज्ञा नाही. पाहून चालण्याची आहे. भिक्षेच्या विधीतही हीच दृष्टी आहे. एका घरी पोटभर मागावयाचे नाही, अनेक घरी थोडे थोडे मागावयाचे, म्हणजे कोणत्याही चुलीवर भार पडत नाही. आवडीनिवडी ठेवावयाच्या नाहीत, म्हणजे कोणा गृहिणीला संकोच होत नाही. परिचयाच्या ठिकाणी रेंगाळावयाचे नाही, म्हणजे कोणाला जड व्हावयाचे नाही. जगावर आपला भार शक्य तितका हलका पडावा, असे हे जीवन आखून दिलेले आहे. ज्या लहानपणाचे शहरातील गृहस्थाला दुःख होते, तेच लहानपण भिक्षुकाने व्रत म्हणून पत्करलेले आहे, हे ध्यानात आले म्हणजे त्या दुःखाची धार आपोआप बोथट होते.

मग सत्कृत्याचे काय? ते मोजावयाचेच नाही काय? त्याचेही उत्तर संप्रदायाच्या इतिहासातच आहे. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना गाठून लीळा मिळविल्या, आणि श्रीनागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली रिद्धपूर येथे त्यांची जुळणी केली. त्या सांगणाऱ्यांत मोठे पंडित थोडे. कोणी स्वयंपाक करणारी, कोणी पाणी भरणारी, कोणी वाटेत भेटलेला. प्रत्येकाने आपल्याला आठवले तेवढेच सांगितले. त्या एवढ्याशा आठवणींतून तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात मराठीतील आद्य चरित्रग्रंथ उभा राहिला. तो मराठीत राहिला यामागेही लहानांचाच विचार होता. शास्त्र संस्कृतात गेले तर साध्यासुध्या वृद्ध स्त्रिया त्याला मुकतील, ही श्रीनागदेवाचार्यांची चिंता होती.

पुढे देवगिरीच्या राज्यावर झालेल्या आक्रमणांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. तेव्हा हिराइसेच्या मुखात असलेला पाठ पुनर्जुळणीचा एक मोठा आधार ठरला, असे परंपरा सांगते. हिराइसेने पाठ केला तो पोथी हरवणार आहे हे जाणून केला नव्हता. त्या वेळी पोथी तर जवळच होती. मग त्या पाठांतराचा जगाला उपयोग काय, असे कोणी म्हटले असते तर त्यावर बोलण्यासारखे तिच्यापाशी काही नव्हते. तिने स्मरण केले ते परमेश्वराच्या लीळांचे स्मरण म्हणून. उपयोग मागाहून आला. तो तिच्या हिशेबात नव्हता. त्यानंतरच्या शतकांत सकळ लिपीत पोथ्या उतरून घेणाऱ्या लेखकांचेही असेच आहे. बाहेरच्या जगाला ती लिपी विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत वाचताही येत नव्हती. जे अक्षर जगाला दिसणारच नाही ते सुवाच्य व शुद्ध काढण्यात त्यांनी आयुष्ये घालविली.

आज काळ पालटला आहे. ज्या रिद्धपुरात लीळाचरित्राची जुळणी झाली, तेथे २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठाचे कामकाज सुरू झाले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. अनुयायांना याचा आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु यावरून असा निष्कर्ष काढू नये, की सातशे वर्षांनी का होईना लहान कार्याचे चीज होतेच, म्हणून ते करावे. हा पुन्हा व्यापारच झाला, केवळ मुदत लांबविली. असंख्य पोथ्या वाळवीने खाल्ल्या, पुरात वाहून गेल्या, त्यांच्या लेखकांचे चीज झाले नाही. तरी त्यांचा आठवडा वाया गेला असे म्हणता येत नाही. लिहिताना त्यांचे चित्त जेथे होते तेथे ते पोचले. सत्कृत्याचे फळ जगाच्या वहीत शोधू नये, ते परमेश्वराला अर्पण करून मोकळे व्हावे.

तेव्हा आठवड्याच्या अखेरीस हिशेब कसा करावा? जुन्या मराठीत हिशेब समजावून देण्याला झाडा देणे म्हणत. साधकाने परमेश्वरापुढे असा झाडा द्यावा. त्यासाठी घटकाभर विजन पुरे. घरच्या ओसरीवर, गच्चीवर, जेथे कोणी बोलावणार नाही तेथे बसावे. प्रथम नामस्मरण करून चित्त स्थिर करावे, कारण अस्थिर चित्त एकतर स्वतःचे समर्थन करते किंवा स्वतःला झोडपते, आणि दोन्हींत खरे दिसत नाही. मग सात दिवस एकेक करून समोर आणावे आणि आपण काय मिळविले हे न विचारता, कोणावर आपला भार पडला हे विचारावे. ज्याच्याशी बोललो तो उठून गेला तेव्हा त्याची मुद्रा कशी होती? त्याच्यामागे घरी कोण आहे? जे वापरले, फेकले, ओढून घेतले, ते कोणाच्या वाट्याचे होते? दिसलेल्या माणसामागचे न दिसलेले माणूस शोधणे, हे या झाड्याचे मुख्य कार्य होय.

असे माणूस सापडले म्हणजे केवळ हळहळून थांबू नये. अनुताप खरा असेल तर त्याला पाय फुटतात. टोकाच्या घराचे पाणी ओढले गेले असेल तर पुढच्या वेळी मोटार बंद ठेवावी आणि जमल्यास दोन हंडे नेऊन द्यावेत. नोकराला बोललो असू तर ज्या चार माणसांदेखत बोललो त्यांच्यादेखतच त्याच्याशी गोड बोलावे, एकांतात नव्हे. नवशिक्याचा उपहास केला असेल तर वडीलपण बाजूला ठेवून त्याला दंडवत करावा आणि त्याच्याजवळ बसून तो पाठ पुन्हा म्हणावा. ज्याची भरपाई करता येणे शक्य नाही, ते परमेश्वरापुढे उघडे करून त्यासाठी प्रार्थना करावी. झाकून मात्र ठेवू नये.

आणि चांगले जे घडले असेल ते? त्याची यादी करू नये. कोणी आभार मानले असतील तर ते आठवून सुख घेऊ नये, कोणी मानले नसतील तर ते आठवून दुःख करू नये. हातून घडले ते त्याच्या प्रवृत्तीने घडले असे समजून ते तेथेच ठेवावे आणि उठावे.

गुलमंडीवरील व्यापारी दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी उंबरठा झाडतो. त्या झाडण्याने शहर स्वच्छ होत नाही, हे त्यालाही माहीत असते. त्याच्या दारातून जाणाऱ्याच्या पायाला खडा टोचणार नाही, एवढे मात्र होते. साधकाचा झाडाही एवढ्याचसाठी आहे. आपल्या दारापुढून जो जाईल, मग तो मनुष्य असो, ससा असो की मुंगी, त्याला आपल्यामुळे दुःख होऊ नये आणि त्याच्या घरी वाट पाहणाऱ्यालाही होऊ नये. पुढच्या सात दिवसांसाठी एवढा संकल्प पुष्कळ आहे.

दंडवत प्रणाम.